टंकसाळ्यांचा तिसरा गजर

"हीच ती. लिहा, चोर जागेवर सापडला."

अनंतशेठ टंकसाळे हे दोनदा ओरडले, कारण पहिल्यांदा कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यांच्या डोक्यावर, दुकानाच्या पाटीशेजारी बसवलेला भोंगा अख्ख्या सराफ बोळाचे कान किटवत होता. शेठचं बोट ज्या दिशेला होतं तिथे गटाराच्या कडेला वच्छलाबाई झारेकरीण उकिडवी बसली होती. एका हातात कुंचा, दुसऱ्या हातात सुपली, पुढ्यात मातीचं घमेलं. चोर असं बसून वाट बघत नसतात, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण शेठना ते कळून चालणार नव्हतं.

हवालदार मुलाणींनी एका कानात बोट घातलं. "आधी ते बंद करा शेठ, मग चोर दाखवा."

शेठ लंगडत आत गेले, बटणं दाबली आणि भोंगा गप्प झाला. सकाळचे साडेसहा वाजले होते. थंडी मी म्हणत होती. आमच्या हरणगावच्या नगरपरिषदेचा कागदांचा गठ्ठा काखेत मारून मी कुडकुडत उभा होतो.

मी तेव्हा तेहेतीस वर्षांचा होतो आणि नऊ वर्षं रोजंदारीवर कारकून होतो. मला कायम करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीच्या टेबलावर पडून पडून पिवळा पडला होता. लग्नाच्या बाजारात रोजंदारीवाल्याला कुणी विचारत नव्हतं. आई दर सोमवारी महादेवाला बेल वाहत होती आणि मी दर सोमवारी समितीच्या दालनाबाहेर ताटकळत होतो. त्या समितीचे सभापती होते अनंतशेठ टंकसाळे. ते माझ्याकडे बघून हसायचे आणि आत जायचे.

आता तो गजराचा नियम काय होता, ते सांगायला हवं, कारण असा नियम महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शहाण्यांनी केला असेल असं मला वाटत नाही. शेठच्या समोर फडतरे घड्याळवाल्यांचं दुकान होतं. त्यांनी चोराची भीती म्हणून भोंगा बसवला. तो भर दुपारी, शेठच्या झोपेच्या वेळी, दोनदा विनाकारण वाजला. दुसरा कुणी असता तर जाऊन चार शब्द सुनावून आला असता. शेठ सभापती होते. त्यांनी उपविधीच करून घेतला. नाव भारदस्त: 'धोकासूचक यंत्रे नियमन उपविधी'. वर्षात तीन वेळा खोटा गजर झाला तर भोंग्याला लाखेचं सील, आणि दुकानाच्या दारावर सहा महिने तांबडी पाटी: 'वारंवार खोटा गजर करणारे दुकान. नागरिकांनी नोंद घ्यावी.' ही पाटीची कल्पना खुद्द शेठची. फडतऱ्यांच्या दारात ती कशी शोभेल, याचं वर्णन त्यांनी सभेत हातवारे करून केलं होतं आणि सगळे सदस्य पोट धरून हसले होते.

फडतऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी भोंगा काढून माळ्यावर टाकला. मग बोळात भोंगा उरला एकच, शेठचा.

तो पहिल्यांदा वाजला दिवाळीत. शेठनी आतमध्ये छतापासून जमिनीपर्यंत झेंडूच्या माळा सोडल्या आणि पंखा चालू ठेवून घरी गेले. माळा हलल्या, आत कुणीतरी हिंडतंय असं यंत्राला वाटलं. दुसऱ्यांदा वाजला तो पालीमुळे. पाल यंत्राच्या डोळ्यावरच बसायची. बसवणाऱ्या माणसानं ती हाकलायला सांगितलं होतं, पण शेठनी हाकलू दिली नाही. सराफाच्या दुकानातली पाल म्हणजे लक्ष्मी, म्हणे. दोन्ही वेळेला कागद मीच भरला, कारण गजर झाला की तासाभरात हवालदारासोबत जागेवर जाऊन पडताळणी करायचं काम ऑफिसात कुणालाच नको होतं. जे कुणालाच नको ते रोजंदारीवाल्याला.

तेव्हा हा तिसरा गजर होता. तिसऱ्याचा अर्थ मलाही कळत होता, मुलाणींनाही आणि शेठना तर फारच.

"काय काय गेलं, शेठ?" मुलाणींनी वही उघडली.

"जाईल कसं? जायच्या आत गजर झाला ना! त्यासाठीच तर बसवलाय."

"कुलूप तोडलंय?"

"नाही."

"शटर वाकवलंय?"

"शटर मी उघडलं. गजर ऐकला, घरातून धावत आलो आणि उघडलं."

मुलाणींनी शेठना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अंगावर पूजेचा कद, खांद्यावर उपरणं, कपाळावर ओलं गंध. त्यांचं घर मारुतीच्या पारापलीकडे, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यानं शेठना तिथून यायला पंधरा मिनिटं लागायची. गजर ऐकून धावत सुटलेला माणूस वाटेत कद नेसून, गंध लावून आला होता. मुलाणींनी नुसतं वहीचं पान उलटलं. पोलिसात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला गप्प कधी बसायचं ते पक्कं ठाऊक असतं.

"ओ हवालदार," वच्छलाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मी पाच वाजल्यापासनं हितंच हाय. शेटनी माझ्यासमोर कुलूप काढलं. आत गेलं आनि मग ती बोंब सुरू झाली."

"तू गप!" शेठ तिच्या अंगावर धावून गेले. "चोराची साक्ष कोण विचारतंय?"

वच्छलाबाईचं काम ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सराफाच्या दुकानात दागिना घासताना, कानस मारताना बारीक कण उडतात. कपड्यांना, पायांना, केराला चिकटून ते दाराबाहेर येतात. ती धूळ झारेकरी झाडून नेतात, पाण्यात खळखळून धुतात आणि तळाशी उरलेला कस भट्टीत आटवतात. महिनाभराच्या मातीतून ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी निघाली तरी त्यांचं घर चालतं. उंबऱ्याच्या बाहेरची धूळ झारेकऱ्यांची, हा बोळाचा रिवाज वच्छलाबाईच्या सासूच्याही आधीपासूनचा. सराफांना बोळ फुकटात झाडून मिळायचा, म्हणून तेही खूश.

"मुकुंदा, आत जाऊन पाहणी कर," मुलाणी मला म्हणाले. "रकाना आहे ना तुझ्या कागदात."

मी आत गेलो. उंबऱ्यावर ताजं हळदकुंकू होतं. आत फरशीवर फोडलेला नारळ, दोन भकलं, आणि खोबऱ्याचं पाणी अजून वाळलेलं नव्हतं. काउंटरवरच्या तराजूच्या पारड्यात जास्वंदीचं फूल. उदबत्ती जेमतेम पाव जळली होती. मग मला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. गुरुवार, आणि तारखेखाली बारीक अक्षरात गुरुपुष्यामृत.

सगळं लख्ख कळलं. गुरुजींनी मुहूर्त काढून दिलेला असणार: सूर्योदयाआधी दुकान उघडायचं आणि आत पाऊल टाकल्यावर पहिला हात तराजूला लावायचा. भोंग्याची बटणं दाराशेजारी डाव्या भिंतीवर. आत आल्यावर अर्ध्या मिनिटात ती दाबली नाहीत तर यंत्र बोंबलतं. पण आधी बटणाला हात लावला असता तर मुहूर्त बाटला असता ना! म्हणून हा गृहस्थ बटणं सोडून नारळ घेऊन सरळ तराजूकडे गेला आणि पूजा उरकेपर्यंत भोंग्याला तसाच बोंबलू दिला. लक्ष्मीला बोलवायला गेला आणि पोलिसांना बोलावून बसला.

मला हसू फुटलं. ते पुरतं फुटायच्या आत पाठीमागे शेठ येऊन उभे राहिले.

"काय बघतोस एवढं?"

"काही नाही, शेठ. पाहणी."

त्यांनी पायानं नारळाची भकलं काउंटरखाली सारली. ज्या नारळासाठी मुहूर्त सांभाळला, त्याला लाथ मारायला त्यांना मुहूर्त लागला नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. नऊ वर्षांत तो हात पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर आला होता.

"वाघचौरे, सोमवारी समितीची बैठक आहे. तुझा विषय घेतोय मी. किती वर्षं झाली रे?"

"नऊ."

"नऊ! छे छे. अन्याय आहे." ते च्‌ च्‌ करत म्हणाले. "आज गुरुपुष्य. दिवसभर गिऱ्हाईक येणार. दारावर ती पाटी लागली तर माझी शोभा होईल. तुला समजतंय ना?"

मला समजत होतं. मी समजूतदार होतो, हाच तर माझा रोग.

बाहेर येऊन मी पायरीवर कागद ठेवला. त्यावर दोनच चौकोन होते. 'गजर खरा: चोर अथवा चोरीचा प्रयत्न आढळला.' 'गजर खोटा.' मालकाच्या मूर्खपणासाठी तिसरा चौकोन असायला हवा होता, पण तो मसुदा मालकानंच केलेला. मी पेन काढलं. वच्छलाबाई माझ्याकडेच बघत होती. मी लहान असताना आईसोबत या बोळातून जायचो तेव्हा ती माझ्या गालाला मातीचं बोट लावून हसायची. मी मान खाली घातली आणि पहिल्या चौकोनात खूण केली. मला लाज वाटली. लाज वाटूनही हात थांबला नाही, हे सांगायलाच हवं, नाहीतर या गोष्टीला काही अर्थ नाही.

"झालं?" मुलाणींनी कागदावर ओझरतं पाहिलं आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मग शेठ, गजर खरा म्हटल्यावर गुन्हा नोंदवावा लागेल. आरोपी आहे. मुद्देमाल?"

शेठ क्षणभर गोंधळले. मग त्यांचे डोळे चमकले. "आहे की! तिच्या घमेल्यात."

"घमेल्यात माती आहे."

"मातीत सोनं आहे. आमचं सोनं. माझ्या दुकानात शिरून झाडून नेलंय हिनं."

"शेट!" आता मात्र वच्छलाबाई उठून उभी राहिली. तिचे गुडघे कटकन वाजले. "उंबऱ्याभाईरची धूळ आमची. तुमच्या वडलांनी कधी न्हाई म्हटलं न्हाई. साठी उलटली माझी. आता मला चौकीत बसवता? उद्या ह्या बोळात मला कोन पाय ठेवू देईल?"

"ते चोरी करण्याआधी सुचायला हवं होतं."

"मी आत गेलेच न्हाई!"

"ही धूळ आतली आहे," शेठ एकेका शब्दावर जोर देत म्हणाले. "माझ्या दुकानातली. लिहा, हवालदार."

आजूबाजूची दुकानं उघडायला लागली होती. फडतरे हातात कुलूप घेऊन तसेच उभे. दोनचार सराफ जमले. त्यांतला प्रत्येक जण त्या बाईला ओळखत होता. प्रत्येकाच्या दारात ती पहाटे वाकत होती. कुणी चकार शब्द काढला नाही. सभापतींशी वाकडं कोण घेणार? एकानं तर घाईघाईनं आपल्या दारातली धूळ आपणच झाडायला घेतली.

वच्छलाबाईनं सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. मग माझ्याकडे. मग ती खाली बसली, घमेल्यातली चिमूटभर माती तळहातावर घेऊन बोटानं पसरली आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"बरं. शेट म्हंत्यात तसं लिवा, हवालदार. ही माती त्यांच्या दुकानातली. ह्यातलं सोनं त्यांचं. लिवा आनि खाली त्यांची सही घ्या."

शेठना वाटलं, म्हातारी नरमली. "बघा, कबूल झाली!"

मुलाणींनी लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलंही. "सदर मातीतील सोने हे फिर्यादी यांच्या दुकानातील कामाचे असून फिर्यादीने ते ओळखले आहे. बरोबर?"

"अगदी बरोबर," शेठ म्हणाले आणि सहीसाठी पेन उघडलं.

"हवालदार," वच्छलाबाईनं विचारलं, "आता ही माती कुठं जानार?"

"जिल्ह्याला. मुद्देमाल सोन्याचा म्हटला की तपासणी आली. सोनं किती, तांबं किती, भेसळ किती, सगळं कागदावर लिहून येतं."

"आनि त्यो कागद?"

"कोर्टात. तिथं कुणीही बघू शकतो. पेपरवाले तर बसूनच असतात."

"मंग झ्याक," ती म्हणाली. "पस्तीस वर्सं ह्यो बोळ धुती मी. समद्यांची माती येगयेगळी आटवती. कोपऱ्यावरच्या पेंढारकरांची गोळी पिवळीधम्मक येती. आण्णा सोनारांची बी पिवळी. ह्यांच्या दारची गोळी लाल येती. धा वर्सं झाली, लाल. आधी मला वाटलं माझीच भट्टी बिघडली. मी कुनाला बोलले न्हाई. गिऱ्हाईक त्यांचं, पाप त्यांचं. मला काय? पर आता त्येच म्हंत्यात, ही माती आमची, सरकारला दावा."

शेठचं पेन कागदापासून वीतभर वर थांबलं. थंडीत त्या माणसाच्या गंधाखालून घाम ओघळलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्यांच्या दारावर 'शंभर नंबरी विश्वास' असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं होतं आणि गावातल्या निम्म्या बायकांच्या गळ्यात त्या विश्वासाची मंगळसूत्रं होती.

"करा सही," मुलाणी म्हणाले. आवाजात साखर घोळवलेली.

"मी काय म्हणतो," शेठनी पेन बंद केलं, "जाऊ द्या. म्हातारी बाई आहे. गरीब आहे. आजच्या दिवशी कुणाचे तळतळाट नकोत. मी मोठ्या मनानं..."

"मोठ्या मनाला या कागदात रकाना नाही, शेठ. चोर आहे की नाही?"

"नाही."

"मग गजर कशानं झाला?"

शेठनी इकडेतिकडे पाहिलं. "पाल असेल."

"गेल्या वेळची?"

"तीच."

कुणीतरी खुसकन हसलं. बहुतेक फडतरे. मुलाणींनी आपलं लिहिलेलं पान फाडलं, चार तुकडे केले आणि खिशात घातले. मग माझ्यापुढे हात केला. "वाघचौरे, नवा कागद काढा. पहिल्यात खूण चुकीच्या ठिकाणी झालीय."

मी नवा कागद काढला आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. मुलाणींनी सही केली, शेठनी सही केली. वच्छलाबाईनं घमेलं डोक्यावर घेतलं आणि कुणाकडेही न बघता निघून गेली. सराफांनी तिला वाट करून दिली. एवढं मात्र त्यांना जमलं.

नियमाप्रमाणे त्या दिवशी दुपारपर्यंत शेठच्या दारावर तांबडी पाटी लागायला हवी होती. पेंटर सापडला नाही. शुक्रवारी तांबडा रंग सापडला नाही. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी स्थायी समितीची बैठक झाली. विषय क्रमांक सात: 'धोकासूचक यंत्रे नियमन उपविधीतील फलकाबाबतचे कलम नागरिकांच्या भावना लक्षात घेऊन वगळणे.' एकमताने मंजूर. ज्यांनी पाटीच्या वर्णनाला पोट धरून हसून दाद दिली होती, त्यांनीच गंभीर चेहऱ्यानं हात वर केले. लाल गोळीबद्दल गावात कुणी ब्र काढला नाही. मुलाणींनी नाही, बोळातल्या सराफांनी नाही, मी तर नाहीच. त्या गुरुपुष्याला शेठची विक्री नेहमीपेक्षा जास्त झाली म्हणतात.

विषय क्रमांक आठ माझा होता.

मी दाराबाहेर उभा होतो. फटीतून मला ऐकू येत होतं. त्या सकाळनंतर शेठ माझं नाव घेतील अशी मला आशाच नव्हती. त्यांची फजिती मी डोळ्यांनी पाहिली होती, असा माणूस कोण जवळ करेल? पण आतून शेठचा आवाज आला, अगदी मोकळा, प्रेमळ. "वाघचौरेचं करून टाका. मुलगा कामाचा आहे. त्याला दोनदा सांगावं लागत नाही."

नऊ वर्षं जे अर्ज-विनंत्यांनी, बेलाच्या पानांनी झालं नाही ते एका चौकोनातल्या एका खुणेनं झालं. शेठ विसरले नव्हते. फसलेली खूणसुद्धा त्यांनी हिशेबात धरली. ते माणसाची पारख बरोबर करत, हे मला मान्य करावं लागेल.

आदेश हातात पडला त्या दिवशी आई रडली. मी किलोभर पेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, ऑफिसात जायच्या आधी, सराफ बोळात गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वच्छलाबाई पेंढारकरांच्या दारात कुंचा मारत होती.

"मावशी, कायम झालो."

"आँ? झालास?" तिचा चेहरा खरंच उजळला. पदराला हात पुसून तिनं पेढा उचलला. "बरं झालं बाबा. आईला लई घोर हुता तुझा. कुनाच्या सहीनं झालं?"

मला खोटं बोलता आलं असतं. मुख्याधिकाऱ्यांचं नाव घेता आलं असतं, सहीही त्यांचीच होती शेवटी. पण तिच्यापुढे ते जमेना.

"टंकसाळे शेठनी केलं."

तिनं पेढा परत डब्यात ठेवला. रागानं नाही, अलगद, दुसरे पेढे मोडू नयेत असा.

"तुझा पहिला कागद मी बगितला हुता, मुकुंदा," ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाई. पर खून कुठं केलीस त्ये दिसलं."

ती पुन्हा वाकली आणि झाडू लागली. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, ती वर बघेल म्हणून. तिनं बघितलं नाही. मग मी डबा घेऊन ऑफिसात गेलो आणि सगळ्यांना पेढे वाटले. शिपायापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी खाल्ले, आणि पंचवीस वर्षांनी मी त्याच खुर्चीतून निवृत्त झालो.